डग्ग्याच्या शेजारी

हौशी ग्रुपमध्ये बास गिटार वाजवणाऱ्याला लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘याला चारच तारा कशा?’ आणि दुसरा, जरा चाचरत, ‘नाही म्हणजे, तुमचं नक्की कुठलं वाजत होतं?’ पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. दुसऱ्यासाठी मी माणसाला तालमीला बोलावतो आणि गाणं चालू असताना एक अंतरा हात काढून घेतो. सूर जागेवर असतो, ठेकाही चालू असतो, पण सगळं एकदम पोकळ लागायला लागतं. पुन्हा हात घातला की पाहुणा मान डोलावतो. तोंडी समजावण्यापेक्षा हे बरं पडतं.

मी मूळचा साध्या गिटारचा. डोंबिवलीत आमचा ग्रुप आहे: कीबोर्डवर दादा, ढोलकी-तबल्यावर मामा, ऑक्टोपॅडवर कॉलेजातला एक पोरगा, गायला काका आणि ताई, आणि गिटारवर आम्ही दोघं. नात्याचं कोणी कोणाचं नाही, पण नावाने हाक मारायची पद्धत नाही. दोन गिटारी एकाच वेळी एकच कॉर्ड वाजवत बसायच्या आणि बास मात्र दादांच्या डाव्या हातात असायचा. शेवटी दादाच म्हणाले, ‘अरे, तुमच्यापैकी एकानं बास घ्या ना. माझा डावा हात सुटला तर मला व्हायोलिनचे तुकडे तरी नीट घेता येतील.’ दुसरा गिटारवाला माझ्यापेक्षा सरस. त्यामुळे बास कोणी घ्यायचा यावर फार चर्चा झाली नाही.

गिटार येणाऱ्याला वाटतं, बास म्हणजे गिटारच्याच चार तारा, जरा जाड. तारांची नावं तीच आहेत, ई, ए, डी, जी. फक्त एक सप्तक खाली. पण वाद्य गळ्यात अडकवलं की पहिल्यांदा जाणवतं ते अंतर. नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (खाली तारा अडकवतात ती पट्टी) तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी. इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीस इंचांच्या आसपास. फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या. बासवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत जवळजवळ १३ सेंमी भरतात, गिटारवर १० सुद्धा भरत नाहीत. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला तो ३४ इंचांचा, आणि आजही बहुतेक बास त्याच मापाचे असतात. त्याआधी हे काम उभ्या डबल बासकडे होतं. फ्रेट नाहीत, आणि उचलून न्यायला वेगळा माणूस लागणार. त्या मानाने आपलं सुखाचं आहे. हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल बास मिळतो. त्यात कमीपणा काही नाही. दुकानदार ‘तो लहान मुलांचा’ म्हणाला तर ऐकून घ्यावं आणि तोच मागावा.

मी सेकंडहँड घेतला. नवा साधा बास आणि जुना बरा बास साधारण एकाच किमतीत येतात, आणि त्यात जुना बरा. मात्र घेताना घाई करू नये. हेडकडून, म्हणजे तारा आवळायच्या खुंट्यांच्या टोकाकडून, डोळा लावून नेक, म्हणजे वाद्याची मान, सरळ आहे का बघायचं. पीळ पडला असेल तर कितीही स्वस्त असला तरी नको. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून वाजवायचा आणि कुठे खरखर येते ते ऐकायचं. मालकाला वेळ नसेल तर तो वेळ मिळेल तेव्हा पुन्हा जायचं. आवाजाची बटणं फिरवताना चरचर आली तर फार मनावर घेऊ नये, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने साफ होतात. जॅक ढिला असला तर तोही दुरुस्त होतो. पण ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आत बसवलेला लोखंडी गज, फिरतो का हे मालकासमोरच विचारायचं आणि बघायचं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही: वाद्य पट्ट्याला लावून पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. बासचं वजन चार किलोच्या घरात असतं. काहींचा हेड जड असतो, हात सोडला की नेक जमिनीकडे झुकते आणि अख्खा कार्यक्रम डाव्या हाताने ती उचलून धरण्यात जातो. मी एक देखणा बास त्याच कारणासाठी परत ठेवला.

घरी आणल्यावरचे पहिले काही आठवडे मात्र बोटांचेच गेले. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवायची. फोड आले, फुटले, त्याखाली कातडी जाड झाली. यात नवल काही नाही. अवघड गोष्ट वेगळीच होती. बासच्या तारा जाड आणि लांब, एक छेडली की शेजारची आपोआप गुणगुणते. खोलीत ते कानाला लागत नाही. सभागृहातल्या मोठ्या स्पीकरवर त्याचाच गडगडाट होतो. म्हणून वाजवण्याइतकंच दाबून गप्प करणंही शिकावं लागतं. मी ए तार वाजवत असेन तेव्हा उजवा अंगठा ई तारेवर टेकलेला असतो. डी वर गेलो की अंगठा सरकून ए वर येतो आणि ई ला त्याच्या कडेने अडवतो. डाव्या हाताची रिकामी बोटं उरलेल्या तारांवर नुसती आडवी पडून असतात, दाबत नाहीत. हे लिहिताना किचकट वाटतं. करतानाही वाटतं. मग एक दिवस लक्षात येतं की अंगठा आपला आपण चाललाय.

डाव्या हाताला मात्र जपावं. गिटारच्या सवयीने ‘एका फ्रेटला एक बोट’ ठेवून खालच्या फ्रेटवर वाजवायला गेलं की मनगट दुमडतं आणि रात्री कोपरापर्यंत कळ येते. डबल बासवाल्यांची जुनी रीत इथे कामाला येते: पहिलं बोट, दुसरं बोट, आणि तिसरं-चौथं मिळून एक. तीनच फ्रेट झाकायचे, पुढे हवं असेल तर पंजा सरकवायचा. पाचव्या-सातव्या फ्रेटच्या पुढे चारही बोटं वेगळी वापरली तरी चालतं. पट्टा असा लावायचा की बसलो काय आणि उभा राहिलो काय, वाद्य पोटाच्या त्याच उंचीला राहील. मांडीपर्यंत लोंबणारा बास फोटोत छान दिसतो, पण मनगटाचं काय होतं ते फोटोत येत नाही.

शेजाऱ्यांचा विषय काढायलाच हवा. खालचे सूर भिंत मानत नाहीत. अँपचा आवाज आपल्याला खोलीत बेताचा वाटतो आणि दोन मजले खालच्या आजींच्या कपाटातल्या पेल्यांना ऐकू जातो. त्यामुळे घरी हेडफोनच. मोबाइलच्या स्पीकरवर बास शिकायचा प्रयत्न करू नये. बासची मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, ती त्या एवढ्याशा स्पीकरमधून निघतच नाही. आपण ऐकतो ते तिचे वरचे पडसाद. वायरचे इयरफोन घ्यावेत, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि ताल शिकणाऱ्याला तो उशीर भोवतो. वीज गेली असेल तर आणखी एक युक्ती: बासचं वरचं शिंग, म्हणजे अंगाचं पुढे आलेलं टोक, लाकडी कपाटाच्या दाराला हलकेच टेकवायचं. अख्खं दार बोलायला लागतं. आमच्याकडे सागवानी कपाट आहे, त्याचा जी तारेचा आवाज माझ्या अँपपेक्षा गोड आहे.

ऐकण्याचा गृहपाठ याच काळात झाला. आर. डी. बर्मन यांच्या वादकांत बास गिटारवर टोनी वाझ असायचे. ती गाणी मी लहानपणापासून ऐकत होतो, पण त्यातल्या बासकडे कधी कान दिला नव्हता. आता इयरफोन लावून फक्त तेवढाच धागा पकडायचा, शब्द सोडून द्यायचे, असं सुरू केलं. पलीकडे अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत जेम्स जेमरसन. हा माणूस उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही, असं त्याच्याबद्दल सांगतात. दोन बोटांच्या आळीपाळीवर घाम गाळत असताना हे वाचून माणूस जरा खट्टू होतो.

तारांचं आलंच आहे तर तेही सांगतो. बासच्या तारांचा संच गिटारच्या संचाच्या कितीतरी पट महाग पडतो आणि आपल्या हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, त्याला गंज चढायला वेळ लागत नाही. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराच्या फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची. खालून पुसणं महत्त्वाचं, घाम तिथेच साठतो. तारा मेल्या, म्हणजे आवाज मठ्ठ झाला, की काही जण त्या उकळतात. मीही उकळल्या. पातेल्यात पाणी, त्यात वेटोळं घालून तारा, पाच-दहा मिनिटं. पाण्यावर करडा तवंग आला, आईने ते पातेलं कायमचं बाद केलं आणि तारा मात्र खरंच चकाकून बोलायला लागल्या. पण हे तेज आठवड्या-दोन आठवड्यांचं. पुढच्या वेळी मी फ्लॅटवाउंड घातल्या. यांचा वरचा वेढा चपटा असतो, बोट घसरताना ‘चुईं’ होत नाही, आवाज मुळातच गोल आणि बुटका, आणि वर्षानुवर्षं टिकतात. रॉक वाजवणाऱ्यांना त्या मिळमिळीत वाटतील. ढोलकीशेजारी मला त्याच बऱ्या वाटतात.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार होतो. जुलैच्या सुमाराला तारा अचानक उंच लागायला लागतात, दाबायला जोर पडतो. लाकूड ओल धरतं आणि नेक तारांच्या ओढीने किंचित पुढे वाकते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उलटं होतं, तारा खाली येतात आणि फ्रेटवर घासून खरखरतात. दर वेळी दुकानात न्यायची गरज नाही. ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबायची, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघायचं. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे ०.३ मिमीच्या आसपास, असावी. दोन्ही हात अडकलेले असतात, कार्ड सरकवायला घरातलं कोणीतरी लागतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा आवळायचा, कमी असेल तर पाव फेरा सोडायचा. पाव म्हणजे पावच. मग वाद्य तसंच ठेवून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, लाकूड सावकाश जागेवर येतं. किल्ली नीट बसणारीच हवी, घसरणाऱ्या किल्लीने आतला नट गुळगुळीत झाला तर मग खर्चाला अंत नाही. गज फिरताना हट्ट करायला लागला तर तिथेच थांबून जाणकाराकडे जायचं.

तालमीला बास घेऊन गेलो आणि खरं शिक्षण सुरू झालं. यूट्यूबवरचा गोरा मास्तर ‘जी मध्ये वाजवूया’ म्हणतो. आमचे काका म्हणतात, ‘काळी दोन.’ ताई म्हणतात, ‘काळी पाच, पण आज घसा बसलाय, चार घ्या.’ हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून सगळं चालतं, आणि बासच्या मानेवर काळं-पांढरं काही नसतं. मी पहिल्यांदा हा नकाशा पाठ केला. पांढरी तीन म्हणजे मोकळी ई. काळी तीन ई तारेवर दुसऱ्या फ्रेटला, काळी चार चौथ्याला, काळी पाच सहाव्याला. पांढरी सहा म्हणजे मोकळी ए. काळी एक ए तारेवर चौथ्या फ्रेटला, काळी दोन सहाव्याला. एकदा सा कुठे आहे ते कळलं की पुढचं सोपं, कारण बासवर सगळ्या पट्ट्यांचा आकार एकच असतो. सा च्या शेजारच्या बारीक तारेवर त्याच फ्रेटला म, दोन फ्रेट पुढे प. कीबोर्डवाले दादा पट्टी बदलायची तर बटण दाबतात, मी पंजा सरकवतो. ताईंनी ऐन वेळी पट्टी उतरवली तर कपाळाला आठी पडत नाही असे वादक ग्रुपमध्ये आम्ही दोघंच.

दादांच्या डाव्या हाताने मात्र सवय सोडायला वेळ घेतला. मी बास वाजवतोय आणि तेही वाजवतायत, दोघांचे खालचे सूर एकमेकांत गुरफटून नुसता रबडा. मी सांगणं बरं दिसेना. शेवटी ताईच म्हणाल्या, ‘दादा, खाली दोघं काय करताय? मला सा सापडत नाहीये.’ त्या दिवसापासून दादा डावा हात मांडीवर ठेवतात, निदान मी बघतो तेव्हा तरी.

पण बासचा खरा शेजारी कीबोर्ड नव्हे, डग्गा. हे मला मामांनी शिकवलं, तेही शिकवायच्या हेतूने नव्हे, वैतागून. आम्ही एक लावणी बसवत होतो. मी प्रत्येक मात्रेवर भरीव, लांब सूर देत होतो, इंग्रजी व्हिडिओंत शिकवतात तसा. मामा वाजवता वाजवता थांबले. म्हणाले, ‘पोरा, तू माझा घुमारा खातोयस.’ मग त्यांनी एकट्याने तेच आवर्तन वाजवलं. डाव्या पुडीवर मनगट दाबून सूर खालून वर ओढला, तो घिस्सा. म्हणजे बासचंच काम. घसरणारा, बोलणारा बास त्या वाद्यात आधीपासून आहे, शेकडो वर्षं आहे. विलायती संगीतात ड्रमचा किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, एका जागी ‘धप्’ करून मोकळा होतो आणि उरलेली जागा बास गिटारला मिळते. आपल्याकडे ती जागा रिकामी नसते. माझ्या चार मोकळ्या तारा ४१ ते ९८ हर्ट्झच्या, डग्गाही त्याच तळघरात राहतो. मी तिथे सूर लांबवत बसलो तर मामा पुडी फाटेपर्यंत वाजवतील तरी समोर पोचणार नाही.

मग मामांच्या शेजारी बसून मी बोल म्हणायला शिकलो. केहरव्याचंच घ्या: धा गे ना ती, ना क धी ना. आठ मात्रा. डग्गा कुठे घुमतो? धा, गे आणि धी. ती, ना इथे डग्गा गप्प आहे, आणि क ची थाप डग्ग्यावरच पण बंद, न घुमणारी. एवढं डोक्यात बसलं की बासला दोन वाटा दिसतात. एक, डग्ग्याच्या बरोबरीने सम गाठायची आणि तार लगेच दाबून टाकायची, म्हणजे ठोसा दोघांचा आणि नंतरची घसरण एकट्या मामांची. दुसरी, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर वाजवायचं, तीन-तीन-दोन असं. चौथीवर डग्गा नसतो, तिथे माझा सूर मोकळा उभा राहतो. सिनेमातल्या चालींना ही दुसरी वाट शोभते. लावणीला पहिली. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, तुमच्या मामांचं मत वेगळं असू शकेल.

त्यानंतर माझा सगळा सराव सूर कुठे सुरू करायचा यावरून तो कुठे संपवायचा याकडे वळला. मेट्रोनोम लावायचा, टिकेवर तार छेडायची, आणि बरोबर अर्ध्या मात्रेवर डाव्या हाताचा दाब काढायचा. बोट उचलायचं नाही, उचललं तर मोकळी तार वाजते; फक्त दाब काढायचा, बोट तारेवरच. मग पाव मात्रेवर. मग पाऊण. रेकॉर्ड करून ऐकलं की कळतं, आपण सुरुवात अचूक करतो आणि शेवट वाऱ्यावर सोडतो. ऑक्टोपॅडवाल्या पोराबरोबर याचा फार फायदा झाला. त्याचा किक आणि माझा सूर एकाच वेळी सुरू व्हावेत एवढंच आधी बघायचो. आता त्याचा स्नेअर पडायच्या आत माझा सूर बंद झालेला असतो, आणि त्याचा तोच स्नेअर दुप्पट करकरीत वाटतो. तो म्हणतो नवीन टोन लावलाय. मी काही बोलत नाही.

ताईंची गाणी हा वेगळाच अभ्यास. बासवाल्याच्या बोटांत सा-प, सा-प इतकं मुरलेलं असतं की डोकं झोपलं तरी हात चालतो. ताईंनी मालकंसातलं एक भजन काढलं आणि सुरू करायच्या आधीच बोट दाखवून बजावलं, ‘प ला हात लावलास तर बघ.’ मालकंसात रे आणि प नाहीतच. तिथे सा-म, सा-म. म हा सा च्या शेजारच्या तारेवर त्याच फ्रेटला, त्यामुळे हाताला त्रास काहीच नाही, सवयीला आहे. यमनचं उलटं. गिटारवाले तीन कॉर्डवर सगळं भागवतात: सा चा, म चा, प चा. यमनात म तीव्र. तुम्ही खाली भक्कम शुद्ध म लावला की वर ताई जो तीव्र म घेणार आहेत त्याचा पायच कापला जातो. मध्येच हलका शुद्ध म घेऊन यमनकल्याण करायचा की नाही हे गाणाऱ्याने ठरवायचं, बासवाल्याने नव्हे. रागावर बांधलेल्या अशा गाण्यांना मी आता कॉर्डचा कागदच समोर ठेवत नाही. आरोह-अवरोह विचारून घेतो, न्यास, म्हणजे थांबायचा सूर, कुठे आहे ते विचारतो, आणि बराच वेळ सा वर बसून राहतो. तानपुऱ्याचं असतं तेच काम. कंटाळवाणं वाटेल, पण ताईंचा आवाज त्याच्यावर ज्या विश्वासाने टेकतो ते जवळून ऐकायला मिळतं.

पहिला कार्यक्रम सोसायटीच्या गणपतीत झाला. साउंडवाल्याने सगळ्यांना विचारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘दुसरा गिटार कुठे लावायचा?’ तेव्हा एक सूचना: साउंडवाल्याला आदल्या दिवशी फोन करून ‘बासला डीआय बॉक्स (बासचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) आहे का’ एवढं विचारून ठेवा. नाहीतर वायर थेट मिक्सरमध्ये खुपसतात आणि आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो. दुसरी सूचना जिवाची आहे. मांडवात वीज दोन-तीन ठिकाणांहून घेतलेली असते आणि अर्थिंग रामभरोसे. तारेला हात असताना माइकला ओठ लागला तर झटका बसू शकतो, कधी कधी चांगलाच. अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्यायला सांगायचं, अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्यायचं, आणि तरी शंका वाटली तर कोरस गायची हौस त्या दिवसापुरती आवरायची.

स्टेजवर स्वतःचा बास स्वतःला ऐकू येत नाही, याची तयारी ठेवावी. खालचे सूर पुढे प्रेक्षकांत जाऊन साठतात आणि स्टेजच्या मागे नुसती घुमघुम फिरते. ऐकू येत नाही म्हणून माणूस जोरात छेडतो, जोरात छेडलं की तार फ्रेटवर आपटते, आवाज आणखी बिघडतो. मी मामांच्या डाव्या हाताजवळ खुर्ची घेतली आणि अख्खा कार्यक्रम त्यांच्या मनगटाकडे बघत वाजवला. मनगट दाबलं जातंय असं दिसलं की मी तार दाबायची. दहा वाजता माइक बंद करायचे असतात, त्यामुळे शेवटची दोन गाणी काकांनी भैरवीला ढकलून घाईत उरकली. सा तर सापडला होता.

लोकलचं सांगायचं राहिलं. बॅगेतला बास माणसाच्या छातीपर्यंत येतो. गर्दीच्या वेळी जनरल डब्यात तो पाठीवर घेऊन चढलात तर लोक आधी त्याला शिव्या देतात, मग तुम्हाला. सामानाचा डबा बरा. बॅग पुढे छातीशी घ्यायची, हेड वर, आणि दारात हेड अडकणार नाही एवढी मान तिरकी. मासळीच्या टोपल्यांशेजारी उभं राहावं लागलं तर घरी आल्यावर बॅग दोन दिवस गॅलरीत टांगायची. एकदा एका कोळीण मावशींनी बॅगेवर टोपलीचा भार टेकवला होता आणि ‘आत काय हाय?’ म्हणून विचारलं. गिटार म्हटल्यावर म्हणाल्या, ‘वाजव की मग.’ विजेशिवाय हा वाजत नाही हे त्यांना पटलं नाही.

सध्या प्रश्न चालू आहे तो काकांच्या काळी दोनचा. चार तारांच्या बासवर सगळ्यात खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन. काळी दोन त्याच्या अर्धा सूर खाली, त्यामुळे काकांचा सा मला वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि नेमक्या भारदस्त गाण्यांत तळ उथळ वाटतो. पाच तारांचा बास घेतला तर खाली बी तार मिळते, ३१ हर्ट्झच्या आसपासची, पण नेक रुंद होते आणि गेली दोन वर्षं अंगठ्याला जे शिकवलं ते पुन्हा शिकवायचं. त्यापेक्षा मी ई तारच एक पूर्ण सूर उतरवून डी करतो. मग काळी दोन पहिल्या फ्रेटला मिळते, खालची, दणदणीत. तार जरा सैल पडते, हलक्या हाताने छेडावी लागते, आणि त्या एका तारेवरचा सगळा नकाशा दोन फ्रेट पुढे सरकतो एवढं ध्यानात ठेवायचं. अडचण फक्त दोन गाण्यांच्या मधल्या वेळेची. निवेदक एक शेर म्हणेपर्यंत तार उतरवून ट्यूनरवर जुळवणं होत नाही. म्हणून कोजागिरीच्या कार्यक्रमाच्या यादीत काकांची काळी दोनची तिन्ही गाणी मी सलग लावून मागितली आहेत. काका तयार आहेत. ताईंचं म्हणणं, त्यातली दोन विरहाची आहेत, ओळीने घेतली तर लोक मसाला दुधाला उठतील. यादी अजून दादांकडे आहे.